अकराजणींची भिंत

हिवरसांगवीच्या बारवेला लागून ही जी दगडी धर्मशाळा आहे, तिच्या आतल्या भिंतीवर गेरूने काढलेल्या बाया तुम्ही पाहताच आहात. हातपाय काड्यांसारखे, डोक्यावर पाट्या, कुणाचं डोकं धडापेक्षा मोठं. बाहेरून येणारे विचारतात, एवढी सुबक बारव आणि शेजारी ही पोरकट चित्रं कशी? ती का काढली गेली, हे गावातली जाणती माणसं सांगतात ते असं.

फार मागे एक मोठा दुष्काळ पडला होता म्हणे. तेव्हाच्या देशमुखांनी बारव खणायला घेतली. पुरुष खाली खणत, बाया मातीच्या पाट्या डोक्यावर घेऊन वर चढत. एक दिवस वडारांचा नाईक वर येऊन म्हणाला, "उगवतीची कड फाटलीय. दोन दिवस काम थांबवा." देशमुखांनी जलपूजनाचा मुहूर्त काढून ठेवला होता. काम थांबलं नाही. दुपारी कड कोसळली आणि पाट्या वाहणाऱ्या अकरा बाया मातीखाली गेल्या. त्यांना बाहेर काढलं, ओळीने निजवलं, आणि सांज व्हायच्या आत कुदळी पुन्हा सुरू झाल्या. पुढे पाणी लागलं. दर्शनी दगडावर देशमुखांचं नाव कोरलं गेलं. त्या बायांचं नाव कुठेच आलं नाही.

त्या अकरांत ठकू जिनगरीण होती. तिची लेक गोजरा तेव्हा सहा वर्षांची. बापाने तिला वाढवलं आणि रंगाचं कामही शिकवलं. खोगिरं, पाळणे, देवळांचे दरवाजे ती असे रंगवायची की पंचक्रोशीतून बोलावणी यायची. दुपारी काम नसलं की ती बारवेच्या उगवतीच्या पायऱ्यांवर जाऊन बसे. आई शेवटची कुठे होती, ती जागा तिला बापाने दाखवून ठेवली होती.

तीस वर्षांनी देशमुखांच्या मुलाने, मानाजीरावांनी, ही धर्मशाळा बांधली आणि चित्रासाठी गोजराला बोलावलं. "आमचे आबासाहेब पहिली कुदळ मारताहेत, कुदळीखालून पाणी उसळतंय आणि वरून देव फुलं टाकताहेत, असं काढ," ते म्हणाले. गोजरा एवढंच म्हणाली, "बारव कशी झाली ते काढते, सरकार."

मग ती घरोघर फिरली. तुमच्या आजीचं नाक कसं होतं, पदर कुठल्या खांद्यावरून घ्यायची, चालताना वाकायची का, असं विचारत राहिली. तीस वर्षांत त्या बायांबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं. माणसं बोलायला लागली ती थांबेनात. महिनाभर गोजराने गोणपाट लावून आत काम केलं.

गोणपाट काढलं त्या दिवशी सारं गाव जमलं. भिंतीवर बारवेच्या पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांवर पाट्या घेतलेल्या अकरा बाया, माणसाएवढ्या उंच. एकीच्या तोंडावर देवीचे व्रण, एकीचं पोट पुढे आलेलं. येसू माळी म्हणून एक म्हातारा होता, त्याची बायको त्या अकरांत होती. तो भिंतीपाशी गेला आणि एका चित्राच्या पायाला हात लावून म्हणाला, "ही आमची सारजा. पाटी अशीच कलती धरायची."

मानाजीरावांनी विचारलं, "आबासाहेब कुठं आहेत?"

"उभे होते तिथंच," गोजरा म्हणाली. वरच्या काठावर, छत्रीखाली, अंगठ्याएवढा एक माणूस होता.

"पुसून टाक."

"मी नाही पुसायची. माझी आई आहे ती. एकदा तुमच्या वडलांनी गाडली. आता तुम्ही माझ्या हातानं गाडायला लावता?"

गावासमोर देशमुखांना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे चुना लावायचा हुकूम सोडला. गोजराने सगळ्यांदेखत सांगितलं, "कुणी हात न लावता या अकराजणी एक रात्र भिंतीवर राहतील आणि सकाळचं ऊन त्यांच्यावर येईल, तेव्हाच मी या बारवेचं पाणी पिईन." त्या दिवसापासून ती कोसभर लांबच्या ओढ्यातला झिरा उपसून पाणी आणू लागली. चैत्राचं ऊन होतं.

चुना लावला, आणि सकाळी बाया चुन्यातून वर आल्या. असं तीनदा झालं म्हणे. कुणी म्हणतं, चुना त्याच बारवेच्या पाण्यात भिजवला होता, तो त्यांना झाकेना. चुना लावणारा मात्र म्हणत असे की पातळ चुन्यातून गेरू फुटतोच. काय मानायचं ते ज्याचं त्याने मानावं. मानाजीरावांनी मात्र परगावचे गवंडी आणून भिंतीचा गिलावा दगडापर्यंत खरवडून काढला. गोजरा दिवसभर दारात उभी राहून पाहत होती. खाली पडलेले तुकडे येसू माळ्याने धोतरात भरून नेले.

दुसऱ्या दिवशी आखिती होती. पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरायचा दिवस. गावातल्या बाया घागरी घेऊन बारवेवर आल्या खऱ्या, पण पाण्याला कुणी हात लावेना. गोजरा गेरूची वाटी घेऊन उघड्या दगडापुढे बसली होती. खडबडीत दगडावर तिचा कुंचला चालेना. तेव्हा सारजाची नात पुढे झाली. "मला येत नाही काढायला," ती म्हणाली आणि बोट गेरूत बुडवून तिने एक वाकडीतिकडी बाई काढली. मग दुसरी आली, तिसरी आली. गोजराने स्वतःच्या आईची बाईही तशीच बोटाने काढली.

दहा झाल्या आणि बोटं थांबली. अकरावी दुष्काळात कुठून तरी आलेली होती. तिचं गाव, नाव, काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. चित्रातला तिचा चेहरा गोजराने मनानेच काढला होता. आता तिच्यासाठी पुढे कोण येणार?

दारातल्या बाया बाजूला सरकल्या. मानाजीरावांची सून सुंदराबाई आत आली. सहा महिन्यांपूर्वीच लग्न होऊन आलेली. तिने पदर खोचला, वाटीत बोट बुडवलं आणि अकरावी बाई काढली. "माझ्या माहेरी धान्य निवडायला एक म्हातारी यायची," ती म्हणाली. "तिलाही कुणी नाव विचारलं नव्हतं. हिला मी तिचं तोंड दिलंय."

संध्याकाळी देशमुखांचे गडी पाणी आणि झाडणी घेऊन आले. भिंतीखाली सुंदराबाई बसली होती. गड्यांनी वाड्यावर निरोप नेला. मानाजीराव स्वतः आले, दारात थांबले. सून उठली नाही. सासऱ्याकडे तोंड वर करून म्हणाली, "आधी माझ्या अंगावर पाणी टाकायला सांगा, मामंजी."

ते तसेच मागे फिरले.

सकाळी ऊन भिंतीवर आलं तेव्हा अकराही जणी जागच्या जागी होत्या. येसू माळ्याने बारवेतून तांब्या भरून आणला. गोजराने तो उभ्यानेच तोंडाला लावला आणि संपवला.

आजही आखितीला हिवरसांगवीच्या बाया आधी भिंतीशी येऊन वर्षभरात पुसट झालेल्या अकराजणी नव्याने काढतात, मग घागर भरतात. चित्रकार येतात, नीट काढून देतो म्हणतात. त्यांना गेरू कालवायला बसवतात. दहाजणी ज्यांच्या त्यांच्या घरच्या बाया काढतात. अकरावी मात्र गावात त्या वर्षी आलेली नवी सून काढते, आणि तिला तोंड द्यायचं ते आपल्या माहेरच्या एखाद्या बाईचं. गेल्या साली परतूरकडची एक पोर आली होती. शाळेत खिचडी रांधणाऱ्या बाईचं तोंड तिला आठवत होतं, नाव आठवत नव्हतं. म्हाताऱ्यांनी तिला भिंतीपुढून हलू दिलं नाही. माहेरी फोन लावायला लावला, नाव विचारायला लावलं, आणि मगच वाटी तिच्या हातात दिली.