कोपऱ्याचं माप

"तिला एवढं पुरे, नाना. ती आणखी किती वाढणार आहे?"

पडद्याआड चहा गाळता गाळता ऋजुताचा हात थांबला. हे वाक्य तिच्यासाठी नव्हतं. तिच्याबद्दल होतं.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. तळहातावरची मेंदी उतरली होती, नखांवर तेवढी उरली होती. रहिमतपुरातल्या नानांच्या पाया पडायला म्हणून सारंग तिला घेऊन आला होता. बरोबर पेढ्यांचा पुडा, एक हार आणि उपरण्यात गुंडाळलेला एक डबा. एसटीत डबा त्याने स्वतःच्या मांडीवर धरला. पुडा आणि हार तिच्या.

नाना म्हणजे सारंगचे गुरू. बंद पडलेल्या तेलघाण्याच्या खोलीत एकटे राहायचे, कॉम्प्युटर जुळवायचे आणि पोरांना जुळवायला शिकवायचे. बोलणं मोजकं. गाव चेष्टेने त्या खोलीला मठ म्हणे, पण चपला मात्र खरोखरच बाहेर काढून येई.

मठाची एक रीत होती. शिकून तयार झालेल्या शिष्याने आपल्या माणसासाठी एक मशीन जुळवून आणायचं. नानांना पटलं, तर ते पेटीतला एक लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातावर ठेवत. मग तो स्वतःच्या दुकानाची पाटी लावायला मोकळा.

सारंगने पाटी आधीच रंगवायला टाकली होती. पेढे त्या पाटीचेच होते.

आणि आपलं माणूस म्हणून त्याने निवडली होती ऋजुता. मोबाइलवर काहीतरी खेळत असते, तर तिला गेम खेळायचं मशीन. ही गोष्ट सासूबाईंना ठाऊक होती, शेजाऱ्यांना ठाऊक होती, पाटी रंगवणाऱ्यालाही ठाऊक होती. विचारायची राहिली होती ती तिलाच.

ती फारशी बोलत नसे. त्यामुळे सासरी तिचं नाव झालं होतं. मुलगी गुणी आहे म्हणून.

तिने गाळलेला चहा पुन्हा पातेल्यात ओतला आणि गॅस अगदी बारीक केला. चहा व्हायला वेळ लागणं भाग होतं.

बाहेर नाना म्हणाले, "उघड."

"आधी चालू तर करून बघा. काय दिवे लागतात, नाना! देव्हारा झक मारेल."

"चालू सगळीच होतात. उघड."

स्क्रू फिरल्याचा आवाज... मग पत्रा निघाल्याचा.

"बघा," सारंग म्हणाला. "चपलांच्या खोक्याएवढं कॅबिनेट. आत बोट शिरेल एवढीही जागा सोडलेली नाही."

"धूळ शिरेल."

"मेमरी?" नानांनी विचारलं.

"बोर्डालाच सोल्डर केलेली. हलायचं नाव नाही."

"उद्या वाढवायची झाली तर?"

"कशाला वाढवायची?"

"ग्राफिक्स कार्ड?"

"हे बसतं. याहून मोठं शिरणार नाही."

"आणि लागलंच तर?"

"नवीन मशीन घ्यायचं."

"अख्खं?"

"अख्खं."

नाना पडद्याकडे बघत असावेत, असं ऋजुताला वाटलं. कारण त्यांचा पुढचा शब्द जरा मोठ्याने आला.

"सोयीचं आहे."

मग जमिनीवरून काहीतरी जड सरकलं. पत्रा करकरला.

"हे का नाही घेतलंस? तुझ्यासाठीच काढून ठेवलं होतं."

"ते धूड? बेडरूममध्ये ठेवलं तर पाहुणे विचारतील, फ्रिज इथे कसा आला! आणि आत अर्धं रिकामं, नाना. मला रिकामं बघवत नाही."

"शर्टामुळे?"

बाहेर सुटे स्क्रू गोळा केल्याचा आवाज आला.

आता उकळी आली होती. आणखी थांबलं असतं तर चहाचा काढा झाला असता. ऋजुता तीन कप घेऊन बाहेर आली.

खोलीच्या मधोमध तो चिमुकला डबा उघडा बसला होता. हार त्याच्या गळ्यात घालायला म्हणून आणला होता, पण डब्यापेक्षा हारच मोठा दिसत होता. शेजारी नानांचं जुनं कॅबिनेट, गुडघ्याएवढं उंच, आतून पोकळ.

"सूनबाई, याचा शाळेतला शर्ट ठाऊक आहे?" नानांनी कप घेतला. "याची आई शिंप्याला सांगायची, वाढत्या अंगाचं माप घ्या. हा शर्टात शिरला की दिसेनासा व्हायचा."

"नका ना, नाना," सारंग म्हणाला. "बोटंसुद्धा बाहेर यायची नाहीत माझी. पोरं बुजगावणं म्हणायची. तेव्हाच ठरवलं, आपण करू ते नेमकं करू. मापात."

"दोन वर्षांनी बक्षीस घेतलंस, त्या फोटोत कुठला शर्ट आहे?"

"तोच," सारंग म्हणाला.

"कसा बसलाय?"

सारंगने कपात पाहिलं. "बरोबर बसलाय."

नानांनी फुर्रकन एक घोट घेतला. साखर बेताचीच होती. त्यांनी मान डोलावली, शर्टाला की चहाला ते कळलं नाही.

"लहान डबा वाईट नसतो," ते म्हणाले. "ज्याला आज इथे, उद्या तिथे राहायचंय, त्याला तोच बरा. हा कुणासाठी केलास?"

"हिच्यासाठी."

"माप घेतलंस?"

"घेतलं म्हणजे काय!" सारंगचा चेहरा पुन्हा उजळला. त्याने खिशातून शिंप्याची टेप काढून आपटली. "हिच्याच शिवणकामाची टेप. सुताएवढा फरक पडणार नाही."

"कशाचं घेतलंस?"

"कोपऱ्याचं. हिचं कपाट आणि खिडकी, मधली जागा."

ऋजुताला ती दुपार आठवली. तो मोजत होता तेव्हा टेपचं दुसरं टोक तिनेच धरलं होतं.

"आणि हिचं?"

"हिचं? हिचं कसलं माप, नाना?"

नानांनी कप खाली ठेवला. मग सारंगला ओलांडून तिच्याकडे वळले.

"सूनबाई, तुम्ही काय खेळता?"

"लढाई," ती म्हणाली. नजर कपावर. आवाज कपाबाहेर पडला नाही.

सारंग हसला. "फळं जुळवते, नाना. मी बघितलंय की."

"ते सासूबाईंसमोर," ती म्हणाली.

सारंगचं हसू जागच्या जागी राहिलं.

"एकट्याच लढता?"

"पाच जण असतो."

"पुढे कोण?"

"मी."

"बाकीचे कुणाचं ऐकतात?"

"माझं."

माहेरी ती खोलीचं दार लावून, कानाला हेडफोन लावून बसायची. गुणी मुलीचा आवाज तिथे कुणी ओळखला नसता. कुणी नांदेडचं, कुणी चिपळूणचं, तिने कधी न पाहिलेली चार माणसं त्या आवाजावर धावायची, दडायची, तिने थांबा म्हटलं की श्वाससुद्धा रोखायची. हरलेली लढाई तिने फिरवली होती, एकदा नाही, पुष्कळदा. आता मोबाइलवरची मजल संपली होती. पुढचा डाव मोठ्या मशीनवरचा होता, त्याच्या पुढचा त्याहून मोठ्या. चौघांनी आपापली सोय केली होती. पण सुरुवात केली नव्हती. ताई, तुम्ही आलात की मग, म्हणाले होते.

सारंग तिच्याकडे बघत होता. बाजारात आपलाच माणूस अनोळखी कपड्यात दिसावा, तसा.

नानांनी पेटी उघडली. लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला. मूठ किती हातांनी गुळगुळीत केलेली होती, कोण जाणे. सारंगचा तळवा आपोआप पुढे झाला.

नानांनी तो त्या तळव्यावरून पुढे नेला आणि ऋजुताच्या कपाशेजारी ठेवला.

"नाना... ही रीत नाही."

"मशीन आपल्या माणसाला पटावं, ही रीत. माणूस इथे नसायचं, म्हणून त्याच्या वतीने मी बघायचो." नानांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "आज माणूसच आलंय."

"म्हणजे मला मिळायचा की नाही?"

"मला काय विचारतोस?"

सारंग तिच्याकडे वळला. पेढ्यांच्या पुड्याची दोरी अजून सुटलेली नव्हती. बाहेर कुठेतरी त्याची पाटी वाळत होती.

ऋजुताने कप खाली ठेवला. स्क्रूड्रायव्हर उचलला, वजन पाहिलं आणि सासूबाई किल्ल्या खोचतात तसा कमरेला खोचला. मग टेप घेतली. एक टोक सारंगच्या हातात दिलं. दुसरं नानांच्या.

आणि दोघांच्या मधोमध, पाठ ताठ करून उभी राहिली.

आवाज निघाला तो घरातला नव्हता. चौघे जण ज्यावर धावायचे, तो होता.

"माप परत घ्या. वाढत्या अंगाचं."