रातफुलीची ललकारी

एका राज्यात, जिथे उत्तरेला नुसती वाळू आणि दक्षिणेला नुसतं ऊन, चंडसेन नावाचा राजा होता. तो दरबारात येताना ललकारी द्यायला सटवाजी भालदार असे. त्याचा आवाज असा, की वेशीवरची निजलेली गाढवं उठून उभी राहत.

एके दुपारी त्या ललकारीने बागेत निजलेला मांत्रिक धुंडिनाथ दचकून जागा झाला. रागाच्या भरात त्याने राजालाच शाप दिला, की वाळवंटात रात्री उमलणाऱ्या रातफुलीचा गंध नाकात जाईपर्यंत तुझ्या डोळ्याला डोळा लागणार नाही.

सहा महिने राजा जागा. रात्रभर प्रधानाशी सोंगट्या खेळे. प्रधान पटावर कलंडला की त्याला उठवून दान टाकायला लावी. राजा वाळून काठी झाला. ते पाहून सटवाजीला अन्न गोड लागेना. आपल्या गळ्याने झालेला घात आपणच निस्तरायचा, असं ठरवून तो रातफुली शोधायला वाळवंटात निघाला.

सातव्या दिवशी रातफुली सापडली. कमरेएवढं झुडूप, फांद्या जाड, रसाने भरलेल्या, अंगभर काटे. फांदीवर एक पिंगळा बसला होता. त्याला माणसाची वाणी होती. त्याने फुलाच्या बदल्यात तीन कामं सांगितली: मुळांवरची उडालेली वाळू ओंजळींनी भरायची, काट्यांमधले किडे वेचायचे, आणि रात्री फूल उमलेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.

पहिली दोन कामं सटवाजीने केली. बोटांची चाळण झाली, तरी हूं की चूं केलं नाही. चंद्र वर आला. एक पाकळी सुटली, दुसरी सुटली, ताटाएवढं शुभ्र फूल बाहेर येऊ लागलं. असा थाट, आणि पुढे ललकारी नाही? तीस वर्षांची सवय गळ्यात दाटली.

"बाअदब, बामुलाहिजा, होशियार!"

वाळूची टेकडी घसरली, पिंगळा फांदीवरून पडला, कळी घट्ट मिटली. सटवाजी डोकं धरून बसला. आता माझा राजा जगत नाही, एवढंच पुटपुटला.

तेव्हा झुडूप बोललं, "हजार वर्षं मी इथे फुलते आहे. माझ्यासाठी ललकारी कोणी दिली नव्हती. पुन्हा दे. पण जरा हळू."

सटवाजी उठला. पागोटं नीट केलं, ओठ कळीजवळ नेले आणि बाळाला जोजवावं तशा आवाजात ललकारी दिली. फूल उमललं आणि आपणहून त्याच्या ओंजळीत उतरलं.

ते पहाटेला कोमेजतं, म्हणून पिंगळा अंग फुगवून घोड्याएवढा झाला, त्याने सटवाजीला पाठीवर घेतलं आणि उजाडण्याआधी महालात उतरवलं. राजाने फूल हुंगलं. फासे हातातच राहिले, मान उशीवर पडली. शाप सुटला. प्रधान सहा महिन्यांनी घरी गेला, तर बायकोने आधी नाव विचारलं.

सटवाजी दाराशी बसून राजाचं घोरणं ऐकत राहिला. इतका गोड आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता. राजाला लागली तशी शांत झोप तुम्हाआम्हाला लागो.