गरज नसताना मागितलेले बैल

शके सोळाशे पंचावन्न, माघ महिना, शिशिराची सुरुवात. एकदा एक वृद्ध आपल्या शिष्याबरोबर पट खेळत बसला होता आणि हरत होता.

या वृद्धाने आयुष्यात नऊ गावे वसवली होती. ओसाड माळावर माणसे न्यायची, विहीर खोदायची, पांढऱ्या मातीवर घरे घालायची, काळ्या मातीत पेरायचे, आणि गाव पायावर उभे राहिले की पाटीलकी दुसऱ्याच्या हाती देऊन पुढे निघायचे. नऊच्या नऊ गावांत अजून चुली पेटत होत्या. हे काम शिकवण्यासाठी त्याने स्वतःच एक पट तयार केला होता. ओसरीच्या फरशीवर कोळशाने घरे आखलेली, त्यांत नदी, डोंगर, माळ. चिंचोका म्हणजे कुटुंब, खडा म्हणजे गाव, गुंज म्हणजे लुटारू. एक पाळी म्हणजे एक हंगाम, आणि पाळीला काम एकच. पेरा, नाहीतर बांधा, नाहीतर नवे गाव घाला. तिसाव्या पाळीला ज्याचे खडे जास्त, तो जिंकला.

शिष्याचे नाव सुभान. तीन वर्षे तो हरत आला होता. त्या दिवशी म्हाताऱ्याचे तीन खडे झाले आणि सुभानचे सात.

"घाई केलीस," म्हातारा म्हणाला.

"पण जिंकलो ना, बाबा?"

"जिंकलास."

"मग?"

"मग सामान बांध. पटावरच्या चिंचोक्याला भूक लागत नाही. आता भूक लागणारी माणसं देतो."

त्याने बावीस कुटुंबे दिली, बैलांचे अकरा जोड दिले आणि नदीकाठचे एक ओसाड खोरे दिले. खोऱ्यावर सुभेदाराचा कौल होता. तीन वर्षांनी माघी पौर्णिमेला कारकून येऊन पाहणार. ज्या गावात चुली पेटलेल्या आणि रान पेरलेले, ते गाव वसवणाऱ्याचे. जे ओसाड, ते दुसऱ्या कोणाचे. असाच कौल घेऊन पलीकडच्या काठावर येसबा नावाचा एक पोक्त माणूस पंधरा कुटुंबे घेऊन उतरला होता. नदीच्या वरच्या अंगाला मोठे काळे रान होते, ते कोणाचेच नव्हते. जो आधी पेरील त्याचे. सुभानची नजर पहिल्या दिवसापासून त्या रानावर होती.

म्हातारा बरोबर आला. कामात हात घातला नाही. एका लिंबाखाली घोंगडी टाकून बसला.

पहिले वर्ष चांगले गेले. घरे झाली, विहिरीला पाणी लागले. आश्विनात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायची वेळ आली. शाळूची पेर जमिनीतल्या ओलीवर होते. ओल आठ-दहा दिवस टिकते, मग रान कडक होते आणि पेरायची पाभर चालत नाही. सुभानने सहाव्या दिवशीच जवळजवळ सगळे रान पेरून काढले. सातव्या दिवशी बैल गोठ्यात रवंथ करत होते, आणि गावाच्या कडेला दोन बिघ्यांचे एक वावर राहिले होते, तेही तासाभरात उरकले असते.

त्या सकाळी म्हातारा उठला, काठी घेतली, नदी ओलांडली आणि येसबाच्या दारात जाऊन म्हणाला, "दोन जोड दे. आमचं वावर राहिलंय."

येसबाने नदीपलीकडे पाहिले. सुभानचे बैल तिथूनही दिसत होते. पण पांढऱ्या मिशांच्या माणसाला नाही कसे म्हणायचे? त्याने आपली पेर थांबवली आणि दोन जोड पाठवले. सावड म्हणतात ती ही. आज तुझे बैल माझ्या रानात, उद्या माझे तुझ्या रानात.

सुभान लाल झाला. "बाबा, आपले अकरा जोड उभे आहेत, आणि तुम्ही दारात जाऊन मागता? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, गरजू आहेत."

"आपण गरजू नाही!"

"नाहीच," म्हातारा म्हणाला आणि भाकरी कुस्करू लागला.

म्हाळसा नावाची एक विधवा त्या बावीस कुटुंबांत होती. दोन लेकरे, एक बैलजोड आणि धारदार जीभ घेऊन ती आली होती. ती म्हणाली, "पाटील, म्हाताऱ्या माणसाला शेजारच्या बैलाचं तोंड बघावंसं वाटलं असेल. चिडता कशाला?"

दुसऱ्या दिवशी सुभान चार जोड घेऊन नदीकडे निघाला. देणे अंगावर ठेवणे त्याच्या रक्तात नव्हते. दोनाला चार देऊन मोकळे व्हायचे, असा त्याचा बेत. म्हातारा वाटेत काठी आडवी धरून उभा होता.

"कुठं?"

"सावड फेडायला."

"अजून नाही."

"बाबा, घेतलं ते द्यायला नको?"

"अजून नाही म्हटलं ना. बैल फिरव."

सुभानने बैल फिरवले. गुरूची आज्ञा म्हणून फिरवले, पण त्या दिवसापासून नदीवर येसबा दिसला की तो मान खाली घालू लागला. येसबा मात्र हाक मारी. "काय पाटील, शाळू कसा आहे? आमच्या बैलांनी पेरलेला जरा जास्त उंच दिसतोय!"

शाळू निघाला. कणग्या भरल्या. चैत्रात सुभानने बावीस कुटुंबांची तीन गावे केली. आठ खाली, सात मध्ये, सात वरच्या काळ्या रानात, दर दोन गावांमध्ये दीड कोसाचे अंतर. येसबा हलण्याआधी रान आपले झाले.

"थांब," म्हातारा म्हणाला. "एक वर्ष थांब."

"पटावर तुम्ही थांबलात, बाबा. म्हणून हरलात."

 सुभान वरच्या गावी निघाला तेव्हा म्हाताऱ्याने त्याच्या पडशीत स्वतःच्या हाताने गुळाचा खडा आणि दोन भाकरी टाकल्या. "उन्हात पाणी पीत जा," म्हणाला.

दुसऱ्या आश्विनात घाटावरून लुटारू उतरले. भर दुपारी उतरले. वरच्या गावात सात पुरुष, तेही सात वावरांत पांगलेले. टोळीने बैल सोडले आणि हाकत नेले. मधल्या गावात ओरड पोचेपर्यंत टोळी मधल्या गावातही पोचली. कोणी कोणाच्या मदतीला जाऊ शकले नाही. माणसे वाचली, कारण टोळीला माणसे नको होती. संध्याकाळपर्यंत अकरा जोडांतले सात गेले.

सुभान धुळीने भरलेला खाली आला आणि लिंबाखाली मट्‌कन बसला. तो बोलण्याआधीच म्हाताऱ्याने विचारले, "जेवलास का?"

"बाबा, सात जोड गेले."

"ऐकलं. जेवलास का?"

म्हाताऱ्याने आपली भाकरी अर्धी मोडून त्याच्या हातात दिली. 

संकट काय आहे हे सर्वांना कळत होते. रानात ओल सहा दिवसांची. चार जोडांनी तीन गावांचे रान सहा दिवसांत पेरून होत नाही. पेर नाही तर दाणा नाही, दाणा नाही तर माणसे राहत नाहीत, आणि माणसे नाहीत तर कौल नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या गावातली चार कुटुंबे गाठोडी बांधून आली. म्हाळसाचा जोडही गेला होता. तिनेही गाठोडे बांधले होते.

"तूसुद्धा?" सुभान म्हणाला.

"पाटील, मला बोलणं पोटभर आहे. लेकरांना ते पुरत नाही."

सुभानला ठाऊक होते की येसबाला आता नुसते बसून राहायचे आहे. ही माणसे उठली की पुढल्या वर्षीच्या माघात दोन्ही काठ त्याचे. त्याच्या जागी आपण असतो तर बसूनच राहिलो असतो, हेही सुभानला ठाऊक होते. तेच जास्त बोचत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी नदीत पाणी खळखळले. येसबा पुढे, मागे त्याच्या गावचे नऊ जोड, पाभरी, बियाण्याच्या थैल्या. काठावर चढून येसबाने गाठोड्यांकडे पाहिले आणि आवाज चढवला.

"हे काय चाललंय? कुठं निघालात?"

येसबा गाठोड्यांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"आमची सावड तुमच्याकडे आहे! वर्ष झालं. तुम्ही उठून गेलात तर फेडणार कोण? तुमचा लिंब?" मग सुभानकडे वळून म्हणाला, "पाटील, बघता काय? कोणतं रान आधी, ते दाखवा."

म्हाळसाने गाठोडे सोडले. त्यातली घागर काढून ती पाणी आणायला गेली.

चार दिवस दोन्ही गावांचे बैल एका रानात चालले. खालचे आणि मधले रान पेरून झाले. वरच्या काळ्या रानापर्यंत पोचेस्तोवर ओल उडाली. ते तसेच पडून राहिले.

येसबाची माणसे परत गेल्यावर सुभान म्हाताऱ्याजवळ येऊन बसला. पायात बाभळीचा काटा मोडला होता. म्हाताऱ्याने पाय ओढून मांडीवर घेतला आणि दाभणाने काटा कोरू लागला. डोळ्यांना नीट दिसत नव्हते, म्हणून निम्मे बोटांनी चाचपत.

"बाबा, हा माणूस का आला?"

"तू येसबाला वैरी समजलास. तो वैरीही नव्हता आणि शेजारीही नव्हता. पलीकडच्या काठावरचा परका होता. परक्यानं तुम्हाला उठून जाताना पाहिलं असतं आणि म्हटलं असतं, बरं झालं. पाय हलवू नको. ज्याला आपण काही देतो, तो विसरतो. ज्याचं आपण काही देणं लागतो, तो विसरत नाही. तो रोज सकाळी उठून बघतो, पलीकडे धूर आहे ना? मला बैल नको होते. त्यानं बघावं एवढं हवं होतं."

"मग मी फेडायला निघालो, तेव्हा अडवलंत का?"

"दुसऱ्या दिवशी, तेही दुप्पट फेडलेलं देणं तोंडावर फेकल्यासारखं असतं. तुझं-माझं संपलं, असा त्याचा अर्थ. देणं ठेवावं, बुडवू नये. नवं गाव म्हणजे नवं रोप. पहिली दोन वर्षं ते स्वतःच्या मुळावर उभं नसतं. कोणीतरी त्याच्याकडे बघत असावं लागतं. हा घे काटा."

सुभानने रक्त पुसले. मग म्हणाला, "हे पटावर का नाही शिकवलंत?"

"पटावर तू आणि मी दोघंच. शेजारी कुठून आणू?"

"मग फेडायचं कधी?"

"तुला परवडणार नाही तेव्हा."

दुसऱ्या दिवशी सुभानने वरच्या आणि मधल्या गावाची घरे स्वतः उतरवली. खांब, वासे, दारे गाड्यांत घालून खाली आणली. तीन गावांची दोन केली, तीही एका हाकेच्या अंतरावर. दोन्ही गावांच्या मध्ये गुरांचे एकच आवार घातले, त्याभोवती काटेरी कुंपण, आणि राखणीला रोज सहा माणसे. शाळू बेताचा झाला. पण झाला. उन्हाळ्यात माणसांनी मडकी, दोर, लाकूड विकून पाच जोड पुन्हा उभे केले.

तिसरे वर्ष लागले. श्रावणात आठ नवी कुटुंबे जमीन मागत आली, स्वतःचे चार जोड घेऊन आली. आता वरचे काळे रान राखायला माणसे होती, पेरायला बैल होते. माघात कारकून यायचा होता. आश्विनात ते रान पेरले की खोरे पुरते सुभानचे होणार होते. या खेपेला म्हाताऱ्यानेही थांब म्हटले नाही.

आश्विनात खालचे रान पेरून झाले आणि वरच्या रानाच्या पेरणीचा दिवस ठरला. त्या सकाळी सुभान नदीवर गेला आणि त्याने पलीकडे पाहिले. पंधरा चुलींच्या गावात तीनच धूर होते.

तो नदी ओलांडून गेला. गाव हिवतापाने झोपले होते. येसबा तीन घोंगड्यांखाली थडथडत होता.

"मला का नाही कळवलंत?"

"तुमचा पेरणीचा दिवस ना आज?" येसबाचे दात वाजत होते. "जा. ओल कोणासाठी थांबत नाही. कारकुनाला एवढं सांगा, येसबाच्या गावात चुली थंड होत्या, पण माणसं तापलेली होती."

"रानात ओल किती?"

"तुमच्याइतकीच. पाच दिवस."

सुभान परत आला. आवारात तेरा जोड जुंपून उभे होते. नव्या कुटुंबांची माणसे पाभरी खांद्यावर घेऊन वरच्या वाटेकडे तोंड करून उभी होती. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिले. म्हातारा ताकाचा वाडगा तोंडाला लावून बसला होता. त्याने तो खाली केला नाही.

"बैल नदीकडे वळवा," सुभान म्हणाला.

नव्यांपैकी एक जण पुढे आला. "पाटील, आम्ही काय शेजाऱ्याच्या रानात बैल हाकायला इथवर आलो? आमच्या जमिनीचं काय?"

"यंदा आमच्यात वाटून खा. जमीन पुढच्या वर्षी."

"आणि तोवर दुसऱ्यानं घेतली तर?"

"तर दुसरीकडे शोधू."

"वा! हे बरं पाटील मिळाले!"

म्हाळसा म्हणाली, "भाऊ, तुम्ही आज आलात. हे रान कोणाच्या बैलांनी पेरलंय ते मला विचारा. चला, जू धरा, वाटेत सांगते."

पाच दिवस तेरा जोड येसबाच्या रानात चालले. वरच्या काळ्या रानातली ओल त्या पाच दिवसांत उडून गेली, आणि सुभानने एकदाही मान वळवून तिकडे पाहिले नाही. पाचव्या दिवशी दुपारी शेवटचे वावर आले. येसबा घोंगडी पांघरून, दोघांच्या आधाराने बांधावर येऊन बसला होता. सुभानची पाभर शेवटच्या ओळीला लागली, हळूहळू पुढे सरकली आणि बांधाला टेकली. त्याने पाभर उचलून आडवी ठेवली आणि बैलांच्या मानेवरचे जू उतरवले.

येसबा म्हणाला, "सावड फिटली."