हवा निघेपर्यंत

“चावी मला का नाही, बुवा?”

धुंडाबुवांनी जीपचे बॉनेट उघडले. घाटमाथ्यावरच्या त्या मठाचे ते अधिपती. संन्यासापूर्वी वीस वर्षे ट्रक चालवलेला माणूस. जीपची चावी त्यांच्या गळ्यात, रुद्राक्षांच्या शेजारी लोंबत होती.

विचारणारी सगुणा ही त्यांची सर्वांत नवी शिष्या.

मठाच्या जीपखेरीज माथ्यावरच्या वस्तीला दुसरे वाहन नव्हते. मागच्या उन्हाळ्यात सगुणाची जाऊ हौसा बाळंतपणासाठी त्याच जीपमधून दवाखान्यात निघाली होती; सगुणा सोबत होती. मधल्या चढावर इंजिन उकळले आणि जीप जागच्या जागी थांबली. बाळ वाचले. हौसा वाचली नाही.

आदल्याच दिवशी सोपानने रेडिएटरचे पाणी बदलले होते. सोपान म्हणजे मठातला सर्वांत आज्ञाधारक शिष्य. आत हवा अडकून राहिली, म्हणून पाणी इंजिनभर फिरलेच नाही, असे तालुक्याच्या मिस्त्रीने नंतर सांगितले. सगुणाने सोपानला भर चौकात वाटेल तसे बोलून घेतले. त्याने मान खाली घालून सारे ऐकले, आणि एक शब्दही न बोलता मठ सोडला.

मग सगुणा गाडी शिकली, लायसन काढले आणि दीक्षा घेऊन मठात राहिली. चावीसाठी. हे तिने कधी लपवलेही नव्हते.

“पाणी बदल,” बुवा अखेर म्हणाले. “मग बघू.”

“बाईमाणूस, आणि इंजिनात हात?” कारभारी येसाजीराव ओसरीवरून हसले. “पोळ्या लाटायच्यात का त्यात?”

“वर्षभर जीपची देखभाल तुमच्याकडे आहे, कारभारी. एखादी पोळी तरी निघाली का?”

येसाजीरावांनी पानाची पिंक टाकायला तोंड फिरवले.

हे काम सगुणा आयुष्यात पहिल्यांदा करत होती. इंजिन गार आहे याची तिने तळहाताने खात्री केली. झाकण काढले, खाली घमेले सरकवले, रेडिएटरच्या बुडाचा नळ सोडला. तांबूस, गंजके पाणी आले. मठाचा कुत्रा हुंगत जवळ येताच तिने घमेल्यावर पत्रा ठेवला.

“त्याला तहान लागली असेल,” बुवा म्हणाले.

“यात जुनं कूलंट आहे, बुवा. ते गोड लागतं. आणि जीव घेतं.”

साध्या पाण्याने आतून धुऊन घेतल्यावर तिने नळ बंद केला आणि मिस्त्रीने मिसळून दिलेले, इंजिन थंड ठेवणारे नवे हिरवे कूलंट ओतले. काठोकाठ. मग झाकण न लावताच इंजिन सुरू केले.

बुडबुडे येऊ लागले. पातळी खाली गेली. तिने पुन्हा ओतले…

“झालं. लाव झाकण,” बुवा म्हणाले.

सगुणाने वर पाहिले. बुवांनी सांगायचे आणि शिष्याने जमिनीला हात लावून ‘आज्ञा’ म्हणायचे, ही मठाची रीत. नकारालाही तिथे मोजमाप होते: एकाच आज्ञेला तीनदा नाही म्हणणाऱ्याने त्याच पावली पायऱ्या उतरायच्या आणि पुन्हा चढायच्या नाहीत.

“अजून हवा येतीय, बुवा.”

“मी वीस वर्षं इंजिनं पाहिलीत. लाव.”

“नाही.”

“लाव म्हणतो.”

“नाही!”

येसाजीराव उठून उभे राहिले. “पोरी, शुद्धीवर ये. वर्षभर राबलीस ते कशासाठी? चावी जाईल, मठ जाईल.”

तिच्या डोळ्यांसमोर तो मधला चढ होता. हौसाची मुठीत आवळलेली चादर होती.

“सगुणा,” बुवा हळू म्हणाले, “झाकण लाव.”

तिने झाकण उचलले… आणि पदरात बांधून टाकले.

“नाही. उतरते मी पायऱ्या. पण आधी हवा निघू दे.”

कोणी हलले नाही. इंजिन चालत राहिले. वरचा रबरी पाइप गरम झाला. पातळी एकदम खचली आणि तळातून एक मोठा बुडबुडा वर येऊन फुटला. सगुणाने उरलेले कूलंट ओतले. थोड्या वेळाने तोंडाशी नुसते हिरवे, संथ पाणी उरले.

मग तिने पदराची गाठ सोडली, झाकण घट्ट लावले, इंजिन बंद केले. हात पुसले. बुवांकडे न पाहता ती पायऱ्यांकडे निघाली.

“थांब.”

“पुन्हा सांगणार?”

बुवांनी गळ्यातली चावी काढली. ती तिच्या तळहातावर ठेवली.

“सोपानला ‘लाव झाकण’ असं मी एकदाच सांगितलं होतं… त्यानं ऐकलं.”