कुंभारणीची उबवणी पेटी

डोंगरापलीकडच्या एका गावात एक कुंभारीण राहत होती. सारजा तिचं नाव. नवरा गेल्यावर तिने एकटीने मडकी भाजायचा आवा पेटता ठेवला होता. तिची मडकी खणखणीत वाजायची, तिच्या माठातलं पाणी गोड लागायचं आणि स्वभाव असा, की गावातल्या भांडखोर बायकाही तिच्याविषयी वाकडं बोलत नसत. त्याचं कारण सोपं होतं. सारजेला कुणाला नाही म्हणता येत नव्हतं. घरात मीठ संपत आलेलं असताना तिने उरलेलं मीठ शेजारणीला दिलं आणि स्वतः आळणी आमटी खाल्ली, हे लोक कौतुकाने सांगत. भीड ही भिकेची बहीण, असं शहाणी माणसं म्हणतात, पण त्या गावात ते तिला कोण सांगणार? तिच्या भिडेवर सगळ्यांचंच भागत होतं.

एका वर्षी त्या गावात कोंबड्यांना मानमोडी आली. सकाळी दाणे टिपणारी कोंबडी दुपारी मान वाकडी करून गोल गोल फिरायची आणि संध्याकाळी डालग्याखाली ताठ झालेली असायची. महिनाभरात सगळी खुराडी ओस पडली. घाटाखालच्या बाजारात माणूस पाठवला, तर तिथेही कोंबडी औषधाला मिळेना. आता पाहुणा आला तर काय वाढायचं आणि आजाऱ्याला अंडं कुठून आणायचं, हा घरोघरचा प्रश्न झाला. पहाटे आरवायला कुणी उरलं नाही, त्यामुळे गाव उशिरा उठू लागलं.

सारजेचा कोंबडाही गेला. उरली फक्त तिची काळी कोंबडी. ती खुडूक झाली, तेव्हा सारजेने टोपलीत भुसा घातला, जपून ठेवलेली अंडी मांडली आणि कोंबडीला उबवायला रवणीला बसवलं. सगळ्या मुलखात तेवढीच अंडी होती. त्याच दुपारी परसातून रानमांजर आलं आणि कोंबडीला मानेला धरून घेऊन गेलं. सारजा ओरडत मागे धावली, हाती चार काळी पिसं लागली. परत येऊन तिने टोपलीत हात घातला, तर अंडी अजून कोमट होती.

गाव पारावर जमलं. अंडी उबली तर गावात पुन्हा कोंबड्या होणार, नाही उबली तर संपलंच. पण उबवायची कुणी? तेव्हा गावचा सुतार म्हणाला, "तरणा होतो तेव्हा परमुलखात एक पेटी बघितली होती. दिव्याच्या उबेवर पिल्लं काढायची. बघितलीय एकदाच, केली कधी नाही. पण करून बघू."

त्याने दुहेरी फळ्यांची पेटी केली, फळ्यांच्या मधे मेंढीची लोकर ठासली. खाली पत्रा आणि पत्र्याखाली दिवा, आत पाण्याने भरलेलं मातीचं एक पसरट परळ, बाजूला वारा यायला बारीक भोकं आणि वर घट्ट बसणारं झाकण. परळ अर्थातच सारजेच्या हातचं होतं. दिव्याला अखंड तेल लागणार, म्हणून प्रत्येक घराने पाळीपाळीने पळीभर तेल द्यायचं ठरलं. त्यामुळे पेटी सारजेच्या घरात असली तरी गावाची झाली.

सुताराने तिला सगळं समजावून सांगितलं. "वैनी, ऊब बाळाच्या कपाळाइतकी हवी. अंडं पापणीला लावून बघायचं. सकाळ-संध्याकाळ अंडी फिरवायची. परळातलं पाणी आटू द्यायचं नाही. आणि अंड्याला आतून टोचा पडला, की मग झाकणाला हात लावायचा नाही. पिल्लं बाहेर येऊन वाळेपर्यंत नाही. आतली वाफ निघून गेली, तर कवचाखालचा पडदा सुकतो. पिल्लू जागच्या जागी आवळलं जातं."

"आव्यासारखंच म्हणा की," सारजा म्हणाली. "मधेच उघडला तर मडकी तडकतात."

"तसंच. माझा बाप सांगायला आला तरी उघडायचं नाही."

तेव्हा तिला कळलं नव्हतं, असं कुणी म्हणू नये. तिला नीट कळलं होतं.

सारजा त्या पेटीच्या मागे वेडी झाली. अंड्याच्या एका बाजूला तिने कोळशाची रेघ ओढली, म्हणजे कुठलं फिरवलं आणि कुठलं राहिलं ते कळावं. चिखलाचे हात दहा वेळा धुऊन ती अंडं उचलायची आणि डोळे मिटून पापणीला लावायची. आठवडाभराने तिने एक अंडं दिव्यासमोर धरलं. आत तांबड्या बारीक शिरांचं जाळं दिसलं आणि मधे एक ठिपका हलत होता. तिला मूलबाळ नव्हतं. ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली आणि मग भानावर येऊन तिने अंडं घाईघाईने परत ठेवलं. त्या दिवसापासून ती पेटीशी बोलायला लागली. मडक्यांच्या कामाकडे तिचं लक्ष उडालं. बाहेर गेली तरी निम्म्या वाटेवरून परत यायची, दिवा विझला तर नसेल म्हणून.

तिसरा आठवडा सरत आला आणि एका सकाळी पेटीतून आवाज आला. आधी टक, मग पुन्हा टक, आणि मग अगदी बारीक चिवचिव. सारजेने पेटीला कान लावला आणि ती रडली. तिने झाकण उघडलं नाही. पण एक चूक केली. आनंद पोटात मावेना, म्हणून विहिरीवर जाऊन सांगितलं.

त्या गावात एक रीत होती. घरात जीव जन्माला आला, की मूठभर तांदूळ घेऊन त्याचं तोंड बघायला जायचं. तोंड बघायला आलेल्याला दारातून परत पाठवणं म्हणजे मोठा अपमान. त्यावरून चुलत्या-पुतण्यांचं बोलणं बंद झाल्याची उदाहरणं होती.

पहिली आली पाटलीणबाई. तांदूळ तिने ताटात आणले होते. "दाखव गं सारजे, कशी दिसतात ती?"

"सुतारभावजी म्हणाले, झाकण काढायचं नाही."

"अगं, मी काय त्यांना खायला आलेय? पहिलं तेल आमच्याच घरचं आहे ना?"

सारजेने झाकण उचललं. तोंडावर उबदार वाफ आली आणि निघून गेली. अंड्यांना बारीक भोकं पडली होती आणि एकेका भोकातून पिवळी चोच दिसत होती. पाटलीणबाई तृप्त झाली, तांदूळ ओवाळून टाकले आणि गेली.

मग शिंपीण आली. "पाटलीणबाईंना दाखवलंस म्हणे. आम्ही गरीब, आम्हाला कशाला दाखवशील?" असं म्हटल्यावर सारजा काय करणार? तिने झाकण उचललं. मग शिंपिणीची सून आली, मग गुरवाची म्हातारी, मग कडेवर पोरं घेऊन वरच्या आळीतल्या बायका. प्रत्येकजणी म्हणत होती, एकदाच बघते. आणि खरोखर प्रत्येकीने एकदाच बघितलं. गावात घरं किती, हे मात्र कुणी लक्षात घेतलं नाही.

सारजेला आतून कळत होतं. दर वेळी झाकण बसवताना चिवचिव आधीपेक्षा बारीक ऐकू यायची. ती परळात पाणी ओतायची, दिव्याची वात पुढे सारायची आणि मनाशी म्हणायची, आता पुढच्याला नक्की नाही म्हणायचं. पुढचा माणूस दारात हसत उभा राहिला, की तिचा हात आपोआप झाकणाकडे जायचा. मोडायची तर मडकी मोडावीत, माणसाचं मन मोडू नये, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं.

दिवेलागणीला सुतार आला. सारजेचा जीव भांड्यात पडला. तिला वाटलं, आता हा दारात बसेल, लोकांना पिटाळून लावेल आणि आपल्याला कुणाचा वाईटपणा घ्यावा लागणार नाही.

सुतार पेटीपाशी उकिडवा बसला. त्याने फळीवरून हात फिरवला. "सगळं गाव बघून गेलं म्हणतात," तो म्हणाला. "ज्याने पेटी केली, त्यालाच तेवढं दाखवायचं राहिलं का?"

"तुम्हीच म्हणाला होता, उघडायचं नाही."

"हो, पण आता इतक्या वेळा उघडलंच आहे. मी एकदा बघितल्याने काय व्हायचंय?"

तिने झाकण उचललं. या वेळी तोंडावर वाफ आलीच नाही.

तो गेल्यावर आतून काही आवाज आला नाही. सारजेने पेटीला कान लावला, काढला, पुन्हा लावला. दमली असतील, झोपली असतील, असं ती स्वतःला सांगत राहिली. पहाट झाली तरी तिला हात लावायचा धीर होईना. शेवटी तिने झाकण काढलं.

अंडी तशीच होती. प्रत्येकाला चोचीएवढं भोक आणि भोकात चोच. तिने एक उचललं आणि नखाने कवच सोलून काढलं. आतला पडदा कांद्याच्या सुकलेल्या सालीसारखा पिल्लाच्या अंगाला घट्ट चिकटला होता. पिल्लू पुरं झालेलं होतं, डोळे, पंख, इवल्या नख्या, सगळं. त्याला फक्त वळायला जागा मिळाली नव्हती. तिने दुसरं सोललं, मग तिसरं. ती सोलत गेली आणि सोलता सोलता "माझ्या बाळांनो, मला माफ करा" म्हणत राहिली. माफ करायला तिथे कुणी उरलं नव्हतं. कोपऱ्यात, परळाला अगदी खेटून असलेल्या एका अंड्यातून मात्र एक पिल्लू निघालं होतं. ते काठाला टेकून थरथरत होतं.

मेलेली पिल्लं सारजेने एका कोऱ्या मडक्यात ठेवली आणि परसात खड्डा खणून पुरली. ती बघायला कुणी आलं नाही.

पारावर मात्र सगळे जमले. पाटलीणबाई म्हणाली, "गावाने एवढं तेल घातलं आणि हिने असं केलं." शिंपीण म्हणाली, "आम्ही मागतो हो, आम्हाला काय कळतंय? हिला कळायला नको?" सुतार खाली बघत म्हणाला, "मी तर आधीच बजावलं होतं." त्यात खोटं काहीच नव्हतं.

दोन दिवसांनी शिंपीण तिच्या दारात आली. नात रडतेय, तिला खेळवायला ते पिल्लू घटकाभर दे, म्हणाली. सारजेने पिल्लू पदराखाली धरलं होतं. "नाही," ती म्हणाली. "देणार नाही."

शिंपीण बघतच राहिली. "एवढी कसली गं मिजास?" म्हणाली आणि फणकाऱ्याने निघून गेली.

आता शिंपीण जन्मात बोलणार नाही, गावभर नाव खराब करेल, असं सारजेला वाटलं. तिला जेवण गेलं नाही. सकाळी दार वाजलं तेव्हा ती दचकली. दारात शिंपीण वाटी घेऊन उभी होती. "सारजे, विरजण आहे का गं थोडं?"

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती कालचं विसरूनही गेली होती. सारजेने विरजण दिलं, दार लावलं आणि पेटीजवळ जमिनीवर बसून ती हंबरडा फोडून रडली. म्हणजे इतकंच होतं तर. एका नकाराचा राग एका रात्रीत ओसरतो. पाटलीणबाई कदाचित चार दिवस रुसली असती. सुतार तर हसून घरी गेला असता. तेवढा रुसवा चुकवायला तिने टोपलीभर जीव दिले होते.

ते पिल्लू जगलं. तो कोंबडा निघाला, काळा, बापासारख्या तुऱ्याचा. पहाटे तो सारजेच्या छपरावर चढून आरवायचा, मान वळवून चारी दिशांना ऐकायचा आणि पुन्हा आरवायचा. सगळ्या मुलखात त्याला साद देणारी एकही कोंबडी नव्हती.

तात्पर्य काय, तर सगळ्यांचं मन राखणारा माणूस शेवटी ज्याला काही मागता येत नाही त्याचाच बळी देतो. ज्याचा जीव आपल्या हाती आहे, त्याच्यासाठी चारचौघांचा वाईटपणा वेळेवर घ्यावा.