देवधान तळ्यात कसं आलं

एकदा काय झालं, झाडीपट्टीत एका तळ्याच्या काठी फुलवंता नावाची ढिवरीण राहायची. नवरा वारलेला. घरात ती आणि तिची धाकली लेक तानी. फुलवंता जाळं टाकायची, मासळी विकायची, दोघींचं भागायचं. पण त्या साली तळ्यात मासळीच मिळेना. बांधीतलं, म्हणजे बांध घातलेल्या शेतातलं, धानही करपलं. तानी उपाशी राहून राहून इतकी अशक्त झाली, की उठून बसेना.

एका सकाळी फुलवंतानं जाळं ओढलं, तर आत सारस पक्षी. लाल डोक्याचा, माणसाएवढा उंच बरं का! पाय जाळ्यात गुरफटलेले. फुलवंताच्या मनात आलं, हा शिजवला तर लेकीच्या पोटात काही जाईल. तिनं विळा उचलला. तेवढ्यात सारसाची मादी आली. पळाली नाही हं. नराच्या मानेवर मान टाकून तशीच उभी राहिली. फुलवंताचा हात थांबला. मग तिनं त्याच विळ्यानं जाळं कापलं. होतं ते एवढं एकच जाळं.

मादी म्हणाली, "बाई, तू माझा जोडीदार मला परत दिलास. हे दाणे घे, त्यांना आवडेल तिथं लाव." तिनं चोचीतून तीन दाणे टाकले. लांब कुसळाचे, तांबूस.

मग फुलवंतानं एक दाणा टेकडीवर पेरला. तो वाळून गेला. दुसरा बांधीत पेरला. तोही उगवला नाही. तिसरा हातात घेऊन ती रडत बसली. तानी पडल्या पडल्या म्हणाली, "माय, पक्षी पाण्यातच राहतात ना? मग त्यांचा दाणा पाण्यातच टाक."

फुलवंता तळ्याच्या उथळ कडेला गेली. गुडघाभर संथ पाणी, खाली मऊ चिखल. तिथं तिनं दाणा रोवला. अन् काय सांगू, दुसऱ्या दिवशी पाण्यावर हिरवी पाती, तिसऱ्या दिवशी लोंबच लोंब! पण हात लावला, की दाणे टपटप पाण्यात. ती घाबरली. काठावर उभी असलेली मादी सारस हळूच म्हणाली, "लोंबा हिरवट असतानाच एकत्र बांधून ठेव. तरीही गळेल ते गळू दे. ते चिखलात निजेल आणि पुढच्या साली आपसूक उगवेल."

तिनं तसंच केलं. सूपभर धान निघालं. कांडून लालसर तांदळाची पेज केली. तानीनं वाटी संपवली आणि भिंतीला टेकून बसली. तळ्याकडे तोंड करून फुलवंतानं हात जोडले, आणि उरलेले मूठभर दाणे पाखरांसाठी पाण्यात सोडले.

मग ते दाणे पाखरांबरोबर या तळ्यातून त्या तळ्यात गेले. कुणी नांगरलं नाही, कुणी पेरलं नाही, म्हणून लोक त्याला देवधान म्हणू लागले. त्यानंतर तळ्याकाठचं कुणी उपाशी निजलं नाही. तानी मोठी झाली, मायलेकी सुखात राहिल्या.

आता तुमचीही पोटं भरलीत ना? मग मिटा डोळे, आणि निजा बरं गुपचूप.