पंगतीतला दुधी

“...पण माई, खाण्याची वासना मनातून समूळ काढायची कशी?”

विश्वंभरनं प्रश्न मोठ्या थाटात विचारला. माई तांदुळजा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाच्या मनातून?”

“माझ्या नाही हो. माझी केव्हाच गेली,” तो म्हणाला. “रेणूच्या.”

रेणू, त्याची अकरा वर्षांची लेक, ओट्याच्या टोकाला पाठमोरी बसली होती. तिनं ऐकलं. पण आपल्याबद्दलचं बोलणं ऐकू येत नसल्यासारखं बसायची तिला आता चांगली सवय झाली होती.

मांजरा नदीच्या काठावरच्या त्या लहानशा मठात विश्वंभर तरुणपणापासून येई. माईंचा तो जुना शिष्य, आणि आपण जुने आहोत हे तो कधी विसरत नसे. मठाच्या वार्षिक पंगतीत पूर्वी देणगीदारांच्या पानात तुपाची धार पडे आणि मजुरांच्या पानात नुसतं वरण. हा पंक्तिप्रपंच त्यानं भांडून बंद पाडला होता. एका पंगतीत बसलेल्यांना एकच अन्न, हा नियम त्याचाच. काम चांगलंच झालं. फक्त तो किस्सा त्यानं इतक्या वेळा सांगितला होता, की मठातल्या गायीलासुद्धा तो पाठ झाला असेल.

आज मात्र तो किस्सा सांगायला आला नव्हता. आज तो घाबरला होता.

“डॉक्टरांनी रक्त तपासलं, माई. एवढ्याशा पोरीच्या लिव्हरवर चरबी. वजन असंच वाढत राहिलं तर शुगर लांब नाही म्हणाले. शाळेचा जिना चढली की धाप लागते तिला...” त्यानं पाठमोऱ्या रेणूकडे पाहिलं. “एकच लेक आहे हो मला.”

“मग काय केलंस?”

आता त्याला पुन्हा हुरूप आला.

“सगळं केलं! तिचं ताटच वेगळं केलं. सकाळी उकडलेला दुधी, रात्री उकडलेला दुधी. गोड बंद, तळलेलं बंद. आमचं जेवण झाल्यावर तिनं बसायचं, म्हणजे बघून तोंडाला पाणी सुटायला नको.”

“आणि तुमचं?”

“आमचं काय?”

“तुमचं जेवण रे.”

“आमचं नेहमीसारखंच. येताना मी फरसाण आणतो, कधी जिलेबी. हिच्या धाकट्या भावाला कोल्ड्रिंक लागतं. तिच्यापायी आम्ही का मन मारायचं? आम्हाला कुठं काय झालंय?”

माईंनी एक किडकं पान बाजूला काढलं.

“पण ही चोरून खाते, माई! परवा गव्हाच्या कोठीमागं बसून मुठीनं साखर खाताना सापडली. हिच्या आईनं विचारलं तर तोंडातून शब्द नाही. आता आमच्याशी बोलणंच टाकलंय तिनं. तुम्हीच काही समजवा. एक घास सोडता येत नाही या पोरीला... एक घास!”

माईंनी निवडलेली भाजी उचलली आणि त्या आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या.

“बसा जेवायला.”

पंगत कसली, दहा-बारा माणसं. मठात राहणारे दोघं-तिघं शिष्य, दूध घालणारा, वाटेनं चाललेली दोन मेंढपाळ जोडपी. विश्वंभर नेहमीसारखा पहिल्या पानावर बसला. रेणू शेजारी, जमेल तेवढं अंग चोरून.

वाढायला माई स्वतःच निघाल्या. तव्यावरची ज्वारीची भाकरी, लसणाची फोडणी दिलेला तांदुळजा, घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मेंढपाळाला जे, तेच रेणूला. रेणूनं ताटाकडे पाहिलं, मग घाबरून बापाकडे. विश्वंभरनं काही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात माई त्याच्यापुढे आल्या.

त्यांनी त्याच्या ताटात उकडलेला दुधी वाढला आणि त्या परत फिरल्या.

श्लोक झाला. सगळ्यांनी भाकरी मोडली. विश्वंभर वाट पाहत राहिला.

“माई... माझी भाकरी राहिली.”

“राहिली नाही.”

“मग हे काय?”

“वर्षभर बघतेय मी, तुझं पोट पुढं यायला लागलंय. तुझ्या भल्यासाठीच आहे ते.”

दूधवाल्यानं हसू दाबलं. विश्वंभरचा चेहरा लालेलाल झाला.

“माई, हा पंक्तिप्रपंच आहे! तुमच्या मठात... माझ्या ताटात?”

“खा बाबा,” माई म्हणाल्या. लहान मुलाशी बोलावं तशा.

 जो तो आपल्या ताटात बघू लागला, आणि विश्वंभरला तेच जास्त लागलं. त्यानं दुधीची एक फोड तोंडात टाकली. दुधीनं बिचाऱ्यानं काही वाईट केलं नव्हतं. पण शेजारी भाकरी मोडल्याचा आवाज येत होता, लसणाचा वास नाकात शिरत होता, आणि एवढ्या माणसांत तो एकटाच कुणीतरी वेगळा होता. चाळिशी उलटलेल्या त्या माणसाला चक्क रडू यायला लागलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

इतक्यात त्याच्या मांडीला काहीतरी गरम लागलं.

अर्धी भाकरी. आत चटणी घालून घडी केलेली. रेणू समोर बघत जेवत होती. ओठ जेमतेम हलत होते.

“पप्पा, खाली मान घालून खा. लहान लहान तोडा, मोठ्या घासानं गाल फुगतो. माईंची पाठ वळली की मगच चावा, हळूहळू. आवाज येत नाही.”

विश्वंभरनं भाकरी हातात धरली. हे सगळं पोरगी कुठं शिकली, हे त्याला विचारावं लागलं नाही. कोठीमागचा अंधार, साखरेची मूठ, आणि वर्षानुवर्षं एका ताटात जेवलेली माणसं पलीकडच्या खोलीत जिलेबी खाताहेत... त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते त्यानं पुसलं नाही.

त्यानं भाकरी लपवली नाही. सगळ्यांदेखत ताटात ठेवली आणि आपलं ताट रेणूच्या ताटाला भिडवलं.

रेणूनं दचकून माईंकडे पाहिलं. माई वरणाचं भांडं ढवळण्यात गुंतल्या होत्या. मग तिनं हळूच त्याच्या ताटातली दुधीची फोड उचलली, चटणीत बुडवली आणि खाल्ली.

“असा बरा लागतो,” ती म्हणाली. “तुम्ही पण बघा.”

त्यानं बघितलं. खरंच बरा लागत होता. दोघांनी मिळून दुधी संपवला, भाजीही संपवली. मध्येच ती शाळेतल्या कुठल्याशा बाईंची नक्कल करून दाखवू लागली, आणि विश्वंभर ओल्या डोळ्यांनी हसू लागला. घरात तिचा आवाज शेवटचा कधी ऐकला होता, ते त्याला आठवेना.

माई भाकरीची दुरडी घेऊन आल्या.

“रेणू, अजून वाढू?”

विश्वंभरच्या जिभेवर ‘पुरे’ आलं होतं. त्यानं ते गिळलं.

 रेणूनं पोटावर हात ठेवला, जरा विचार केला. बऱ्याच दिवसांत तिला असं कुणी विचारलंच नव्हतं.

“नको माई,” ती म्हणाली. “भरलं पोट.”

जेवणं झाली. रेणू मेंढपाळांचं कोकरू बघायला पळाली, धापा टाकत, पण पळाली. विश्वंभर हौदापाशी हात धुवायला आला. माईंनी तांब्यानं त्याच्या हातावर पाणी घातलं.

“चुकलं माझं, माई.” त्यानं हात चोळून धुतले. मग जुनी खोड जाईना. “पण आता घरी गेल्यावर हिचं काय काय बंद ठेवू, तेवढं सांगा.”

माई पाणी घालायच्या थांबल्या.

“तिनं आज अर्धी भाकरी सोडली, विश्वंभर... तू काय सोडतोस?”